एकेरी बोगद्याचा हिशेब

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका जुन्या खातेदाराचा लहानसा कारखाना आहे. दुचाकीचे सुटे भाग तो करतो. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्या पाठोपाठ रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूरच्या शिवारात शेडा टाकून जे शेकडो कारखानदार बसले, त्यांतलाच हा एक. (हे पंढरपूर म्हणजे आमचे धाकटे पंढरपूर. आषाढीला इथेही रांग लागते.) २०२३ च्या ऑगस्टात एके रात्री त्याचा फोन आला.

"साहेब, घाट बंद झाला."

कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२३ पासून त्या घाटातून जड वाहनांना मनाई केली. त्या घाटात तासन्‌तास अडकून पडलेल्या गाड्या, पावसाळ्यात खाली येणाऱ्या दरडी आणि अपघात पाहिलेल्या कोणालाही तो आदेश अन्यायाचा वाटला नसता. पण माझ्या खातेदाराचा माल धुळ्याकडे आणि तिथून पुढे उत्तरेला जातो. आता तो शिऊर बंगला, नांदगाव असा वळसा घालून जाणार होता. वाहतूकदाराने भाडे वाढवले होते आणि माल पोचेपर्यंतचा वेळही वाढला होता. वेळ वाढला की वाटेवरच्या मालात अडकलेला पैसा वाढतो आणि त्यावर बँकेचे व्याज चालू राहते, हे त्याला मी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तीस वर्षांपूर्वी त्याने ते मला समजावले होते.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "इंग्रजांनी खंडाळ्याला बोगदे पाडले. तुमच्या कोकणात तर डोंगर पोखरून गाडी नेली. आमच्याच डोंगराला काय झालंय?"

'तुमच्या कोकणात' हे माझ्या नोकरीला उद्देशून होते. नव्वदच्या दशकात काही वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाखेत होतो आणि कोकण रेल्वे बांधली जात असताना तिचे पैसे गावागावांतून कसे वाहतात हे काउंटरच्या अलीकडून पाहत होतो. भूसंपादनाच्या भरपाईचे धनादेश घेऊन येणारे म्हातारे, बँक हमीसाठी खेपा घालणारे ठेकेदार, पगाराच्या दिवशी मनीऑर्डरीचे फॉर्म भरून मागणारे परप्रांतीय मजूर. त्यामुळे त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला अभियंत्यासारखे देता येणार नाही. हिशेबनिसासारखे मात्र देता येईल, आणि ते करबुड्याच्या बोगद्यापासून सुरू करावे लागेल.

रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी आणि भोके या दोन स्थानकांच्या मध्ये, सह्याद्रीची एक सोंड आडवी येते. तिच्या पोटातून करबुड्याचा बोगदा जातो. लांबी साडेसहा किलोमीटर. १९९८ साली गाड्या सुरू झाल्या तेव्हा भारतातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच होता. काश्मीरमधला ११.२ किलोमीटरचा पीर पंजाल बोगदा २०१३ साली सुरू होईपर्यंत हा मान त्याच्याकडे राहिला. पण करबुड्याबद्दल सांगताना लांबी सगळे सांगतात, रुंदी कोणी सांगत नाही. त्यात एकच रूळ आहे. दुसरा टाकायला जागाच नाही. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास भरते. तो सारा मार्गच एकेरी बांधला गेला.

तो एकेरी का, याचे उत्तर पैशाच्या जातीत आहे.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते अर्थमंत्री. कोकणच्या रेल्वेसाठी आयुष्य घालवलेला माणूस तिजोरीपाशी आणि मंगळुरूचा मुलगा रेल्वे भवनात, असा योग पुन्हा आला नाही. तरीही रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून हा मार्ग होणार नाही हे दोघांना कळत होते. म्हणून १९९० च्या जुलैमध्ये स्वतंत्र महामंडळ काढण्यात आले. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा रोखे विकून बाजारातून उभा करायचा. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली आणि ई. श्रीधरन यांच्या हाती काम आले. मुदत पाच वर्षांची.

बँकेत कर्जप्रस्ताव तपासणाऱ्याला अशा प्रकल्पात पहिल्यांदा काय दिसते? काम चालू असताना उत्पन्न शून्य असते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. ते व्याज भरायलाही पुन्हा कर्जच काढावे लागते. पंधरा टक्क्यांनी घेतलेले शंभर रुपये पाच वर्षांत दोनशे होतात. म्हणजे डोंगरात घालवलेले प्रत्येक वर्ष हे खडकापेक्षा व्याजामुळे महाग पडते. त्यात १९९२ चा रोखे घोटाळा उघडकीस आला आणि ज्या बाजारावर महामंडळाची भिस्त होती तो बाजारच काही काळ आटला. श्रीधरन यांच्या झपाट्याचे कौतुक पुष्कळ झाले, ते योग्यच आहे. स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रे आणून त्यांनी बोगदे पाडले, जागेवरच्या अभियंत्यांना निर्णयाचे अधिकार दिले. पण त्या झपाट्यामागे व्याजाचा चाबूक होता, हेही नोंदवले पाहिजे. उधारीच्या पैशाला घड्याळ असते.

अशा घड्याळाखाली दोन रुळांचा बोगदा कोण मागणार? वाहतुकीचे अंदाज एका रुळापुरते होते, हाती पैसाही तेवढाच. दुहेरी बोगदा म्हणजे खडकातली कमान रुंद, तिचा आधार अधिक भक्कम, बाहेर काढायचा दगड कितीतरी जास्त. त्या वेळी दुहेरीचा हट्ट धरला असता तर कोकणात आजही नुसती पायाभरणीची कोनशिला असती असे माझे स्पष्ट मत आहे. एकेरी मार्गदेखील साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला आणि पाचाऐवजी सात वर्षांहून अधिक घेऊन गेला. शेवटचा अडसर लांबलचक करबुडे नव्हते. गोव्यातल्या पेडण्याचा दीड किलोमीटरचा बोगदा होता. तिथे कातळ नव्हता, पाण्याने भिजलेली माती होती. पाडावे तेवढे ढासळत राही. जीव गेले. १९९८ च्या जानेवारीत तो पार झाला तेव्हा कुठे मुंबई ते मंगळुरू गाडी सलग धावू लागली.

भोक्याजवळच्या एका तरुणाची फाइल मला आठवते. स्थानक होणार, गाड्या थांबणार, म्हणून त्याला टेम्पोसाठी कर्ज हवे होते. रूळ अजून पडायचे होते. मी शेऱ्यात 'उत्पन्नाचा अंदाज अनिश्चित' असे लिहून प्रस्ताव परत केला. त्याने मामाकडून पैसे घेऊन टेम्पो घेतलाच. रेल्वे सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांनी रत्नागिरीच्या बाजारात तो भेटला. टेम्पो विकला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गाड्या थांबतात हो साहेब, अर्धा अर्धा तास थांबतात. पण माणसं उतरवायला नाही. पलीकडची गाडी जाऊ द्यायला."

एकेरी मार्गाचे अर्थशास्त्र इतक्या थोडक्यात मी कुठल्याही अहवालात वाचलेले नाही. उक्षी आणि भोके यांच्या मध्ये एक गाडी बोगद्यात शिरली की समोरून येणारीला पलीकडच्या स्थानकात उभे राहावेच लागते. कोकणातल्या माणसाच्या बोलण्यात 'क्रॉसिंग' हा शब्द त्यामुळे पाऊस आणि आंबा यांच्या पंक्तीला बसला. ट्रक मालगाडीवर चढवून नेण्याची रो-रो सेवा महामंडळाने १९९९ साली कोलाड ते वेर्णे सुरू केली. कल्पना उत्तम होती. घाटातले ट्रक रुळावर आले. पण गणपतीच्या जादा गाड्या असोत, राजधानी असो, कोळशाची मालगाडी असो की ट्रक लादलेली गाडी असो, सगळ्यांना त्याच एका भोकातून जायचे असते. मागणी वाढली म्हणून भोक रुंद होत नाही.

आणि ते भोक बंद झाले की सगळेच थांबते. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे पेडण्याच्या बोगद्याची भिंत सुमारे पाच मीटर ढासळली. कोकणातून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेल, पुणे, मिरज, लोंढा अशा फिरवाव्या लागल्या. २६ जून २०२१ रोजी पहाटे मडगावला जाणाऱ्या राजधानीचे इंजिन खुद्द करबुड्याच्या बोगद्यात रुळावर पडलेल्या दगडावर आदळून घसरले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. २०२४ च्या जुलैत पेडण्यातच पाणी उसळले आणि पुन्हा तेच. दुसरा रूळ असता तर यांतले सगळेच टळले असते असे नाही. पण शेजारी दुसरा बोगदा असता तर एक दुरुस्तीला काढून दुसऱ्यातून गाड्या सोडता आल्या असत्या.

महामंडळाने दुहेरीकरण केले ते रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरच्या, तुलनेने सोप्या टप्प्यात. ते २०२१ साली पुरे झाले. २०२२ मध्ये विद्युतीकरण झाले आणि बोगद्यातला डिझेलचा धूर गेला. पुढे मात्र प्रत्येक सोंडेला दुसरे भोक पाडायचे, तर पैसा कुठून आणायचा? महामंडळ स्वतःच्या कमाईवर जगते. इतर विभागीय रेल्वेंना अर्थसंकल्पातून मिळते तसे त्याला हक्काने मिळत नाही. विलीनीकरणाची चर्चा सुरू झाली ती या अडचणीतून. गोवा, कर्नाटक, केरळ यांनी आधी होकार दिला आणि २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रानेही भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. अटी दोन. 'कोकण रेल्वे' हे नाव राहावे आणि राज्याने गुंतवलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत.

दुसरी अट वाचताना मला गंमत वाटली. इतक्या वर्षांनंतर मुद्दल तेवढे परत मागणे म्हणजे बँकेच्या भाषेत तोटाच. रुपयाची किंमत केव्हाच वितळून गेली. पण राज्याने त्या भागांतून काय विकत घेतले ते भागपत्रावर लिहिलेले नसते. रात्री दादरला बसून सकाळी कणकवलीला उतरणाऱ्या माणसाच्या खिशात ते असते. असो. विलीनीकरणाने पैशाची वाट मोकळी होईल असे म्हणतात. मला त्यात एक धास्तीही दिसते, आणि ती समजायला आमच्या मराठवाड्यात यावे लागेल.

अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. तो अर्थसंकल्पातून व्हायचा होता, पुढे राज्याने निम्मा भार उचलला. अर्थसंकल्पातला पैसा व्याज मागत नाही, म्हणून तो घाईही करत नाही. वर्षाला थोडी तरतूद, थोडी माती, एखादा पूल. २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली तेव्हा खर्च ४,८०० कोटींच्या घरात गेला होता आणि परळी अजून पुढेच होती. एका पिढीने त्या गाडीसाठी मोर्चे काढले, दुसरी तिच्यात बसली. कर्जाच्या पैशाने सह्याद्रीतून साडेसातशे किलोमीटर सात-आठ वर्षांत झाले. बिनव्याजी पैशाला मराठवाड्याच्या माळावर तीस वर्षे पुरली नाहीत.

आमच्या डोंगराला काय झाले, याचे उत्तर याहून जुने आहे. निजामाच्या काळात मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास पुरी झाली. ती गोदावरीच्या खोऱ्यातून गेली. सपाटीवरून कापूस आणि धान्य मनमाडला पोचत होते, मग अजिंठा-सातमाळ्याची रांग फोडून खानदेशात उतरायची गरज कोणाला वाटली नाही. भोर घाटाची गोष्ट वेगळी होती. तिथे जी.आय.पी. कंपनीच्या भागधारकांना सरकारने ५ टक्क्यांची हमी दिली होती. नफा होवो न होवो, हिंदुस्थानातला करदाता ती भरत होता. तशा हमीवर डोंगर फोडणे कंपनीला जड नव्हते. जड गेले ते पटकीने मेलेल्या मजुरांना. १८६३ साली तो घाट खुला झाला. आमच्या वाट्याला आला मनमाडचा मालबदल, मीटरगेजच्या डब्यातून ब्रॉडगेजच्या डब्यात. तो संपायला नव्वदचे दशक उजाडावे लागले आणि त्यासाठी गोविंदभाई श्रॉफांसारख्यांना विकास परिषदेच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे झगडावे लागले. सातमाळा मात्र तसाच राहिला. औरंगाबाद-चाळीसगाव मार्गाची सर्वेक्षणे झाली आणि परताव्याचा दर पुरेसा नाही या शेऱ्यापाशी अडली.

हा शेरा मी ओळखतो. तसाच मी लिहिला होता. परताव्याचा दर काढताना रेल्वे फक्त स्वतःच्या गल्ल्यात येणारा पैसा मोजते. घाटात जळणारे डिझेल ट्रकमालकाच्या वहीत, अडकलेला माल माझ्या खातेदाराच्या कॅश क्रेडिटमध्ये, आणि दरीत गेलेला ड्रायव्हर कोणाच्याच वहीत नाही. बोगद्याचा खर्च एका कागदावर येतो आणि बचत शंभर ठिकाणी विखुरते. मग दर कमीच निघणार. २०२३ च्या त्या आदेशानंतर वळशाने गेलेल्या प्रत्येक ट्रकचे जादा भाडे कोणी एकत्र मांडले, तर डोंगर न फोडण्याचा खर्चही दिसेल.

आता चित्र थोडे हलले आहे. २०२४ च्या ऑगस्टात केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,१०५ कोटी, २०३०-३१ पर्यंत काम पुरे करायचे असे सांगितले गेले. जालन्याहून जळगावला जायचे म्हणजे अजिंठ्याची रांग ओलांडणे आले. लेणी, कापूस, केळी यांची बरीच चर्चा झाली. माझे लक्ष मात्र बोगद्याच्या रुंदीकडे आहे. कारण मार्ग पुढे केव्हाही वाढवता येतो, स्थानके मोठी करता येतात, पण चालू बोगदा रुंद करणे म्हणजे गाड्या बंद ठेवून डोंगर पुन्हा फोडणे.

म्हणून लगेच दोन रूळ घालावेत, असे मी म्हणणार नाही. कोकणाच्या वेळचा हिशेब इथेही लागू आहे. मधला एक मार्ग आहे आणि तो शंभर वर्षांपूर्वी वापरून झाला आहे. आल्प्समध्ये इटली आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा जवळपास वीस किलोमीटरचा सिम्प्लॉन बोगदा १९०६ साली एकेरीच सुरू झाला. पण तो पाडतानाच शेजारी, सतरा मीटरवर, एक लहान समांतर भुयार पाडून ठेवले होते. तेव्हा ते हवा आणि पाणी यांच्यासाठी कामाला आले. वाहतूक वाढली तसे तेच भुयार रुंद करून १९२१ मध्ये दुसरा बोगदा झाला. पहिल्यातून गाड्या चालूच होत्या. उलट उदाहरणही त्याच डोंगरात आहे. २००७ साली उघडलेला लोचबर्गचा नवा, ३४.६ किलोमीटरचा बोगदा पैशाच्या ओढाताणीत बराचसा एकेरी ठेवला गेला, आणि स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशालाही आता त्याची अडचण भासते आहे. आपल्याकडे पीर पंजालमध्ये रूळ एकेरी असला तरी शेजारी तीन मीटरचा रस्ता ठेवला आहे, निदान अडकलेल्या माणसांना बाहेर काढता यावे म्हणून. लांब बोगद्याला सुटकेची समांतर वाट तशीही लागतेच. ती वाट आज कोणत्या मापाची आणि मुख्य बोगद्यापासून किती अंतरावर पाडायची, एवढाच प्रश्न आहे. उद्या तिचाच दुसरा बोगदा करता आला पाहिजे. हे नकाशावर ठरवायला जे लागते ते मीटरांत मोजता येते. तीस वर्षांनी ठरवायला गेलो तर काय लागेल ते कोकण रेल्वेच्या आजच्या कागदांवरून वाचता येते.

पैशाबद्दलही थोडे. विलीनीकरणानंतर कोकणाचे दुहेरीकरण जर बीडच्या मार्गासारखे वर्षाच्या तुकड्यातुकड्यांनी होणार असेल, तर ते व्याजाच्या चाबकाखाली केलेले बरे, असे म्हणायची पाळी येईल. राज्याला परत मिळतील त्या ३९६ कोटींना करबुड्याच्या दुसऱ्या बोगद्याच्या खात्यावर जमा करा, अशी अट का घातली नाही, हे मला कळलेले नाही. तिसरी अट म्हणून ती शोभली असती.

गेल्या महिन्यात वाळूजला गेलो होतो. खातेदाराच्या कारखान्यात आता त्याचा मुलगा बसतो. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे आणि त्यावर कन्नडच्या वर लाल पेन्सिलीने एक सरळ रेघ मारलेली आहे, चाळीसगावपर्यंत. वडिलांनी मारली, म्हणाला. जालना-जळगावच्या मार्गाबद्दल मी सांगितले. त्याने नकाशात जळगाव शोधले, वाळूजपासून बोटाने अंतर मोजले आणि विचारले, "ते ठीक आहे, काका. पण आमचा माल धुळ्याला जातो."

मी त्याला उत्तर दिले नाही. बाहेर ट्रक भरून उभा होता, शिऊर बंगल्याच्या वाटेने निघायचा होता. त्याने माझ्यासमोरच गाडीचा नंबर आणि निघाल्याची वेळ वहीत लिहिली.